तळाखालचे चाळीस थर

समुद्रतळावर वर्षभर ठेवलेलं प्रवाह मोजायचं यंत्र सोमवारी वर काढलं, आणि त्यातली कच्ची माहिती उलगडायचं काम नेहमीप्रमाणे ताईंकडे आलं. पहिल्याच सेटिंगपाशी त्या अडल्या. यंत्राचं तोंड वर, पाण्याकडे असायला हवं होतं. नोंद होती: खाली.

"चुकून तसं भरलं गेलं असेल. तेवढा शब्द बदला आणि रिपोर्ट पाठवून द्या," साहेब म्हणाले.

"बसवताना प्रत्येक सेटिंग मी स्वतः तपासलं होतं, चूक नव्हती. मी नाही बदलणार."

"उगाच हट्ट करू नका. खाली नुसता खडक आहे."

"मग आकडे शून्य येतील," असं म्हणून ताईंनी नोंद होती तशीच धरली आणि आलेख काढला.

शून्य कुठेच नव्हतं. यंत्राने मोजलेल्या तळाखालच्या चाळीस थरांपैकी सगळ्यात खालच्या थरात वर्षाच्या सुरुवातीला काहीतरी हललं होतं. नऊ दिवसांनी ते वरच्या थरात आलं, मग त्याच्याही वरच्या. सोमवारी ते यंत्राला टेकलं होतं.

साहेबांनी आलेख पालथा घातला. "हे कुणाला दाखवू नका."

ताईंचा पाणबुड्या भाऊ आज सकाळीच त्याच जागी नवं यंत्र बसवायला गेला होता. त्यांनी साहेबांच्या देखत बोटीला फोन लावला. "दादाला ताबडतोब वर घ्या."

"तो केव्हाच वर आलाय, ताई," खलाशी म्हणाला. "माझ्या शेजारीच बसलाय. पण त्याने कमरेचा सोडलेला दोर अजून खाली ओढला जातोय."

"फोन ठेवा," साहेब म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. "दोर कापा," त्या खलाशाला म्हणाल्या.