जीवदान

सकाळी वनचंगने पाळलेल्या अजगरांच्या खोलीतला खालचा खण ओढला, तर तो रिकामा. त्यातली मादी त्याची सगळ्यांत लाडकी. अंगात काळा रंग नावालाही नाही. दुधावर हळद सांडावी तशी, डोळे लाल. खणाला बाहेरून कडी होती. ती आतून निघणं शक्य नव्हतं.

सासूबाई देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लावत होत्या. विचारल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. पहाटे खण तसाच टोपलीत उपडा करून त्या बांबूच्या टेकडीवर गेल्या होत्या आणि तिला सोडून आल्या होत्या. कोंडलेला जीव सोडला की पुण्य लागतं. त्यांच्या लेकीचे, वनचंगच्या बायकोचे, शूयिनचे दिवस भरत आले होते आणि मागच्या खेपेला बाळ हाती लागलं नव्हतं.

"एवढे साप आहेत. हीच का?" वनचंगने विचारलं.

"साधा साप सोडून काय होणार? पांढरा जीव देवाचा असतो."

वनचंगने आवाज चढवला नाही. "आई, ती जन्मली खणातच. तिची जात उष्ण मुलखातली, या थंडीत आखडून जाईल. तपकिरी असती तर निदान पाचोळ्यात लपली असती. ही गरुडाला आभाळातून दिसेल."

सासूबाईंनी उरलेल्या उदबत्त्या तशाच ठेवल्या आणि बूट घातले.

पायथ्याशी स्कूटर लावून दोघं चढले. वर एक गरुड शीळ घालत फिरत होता. वनचंग मान खाली घालून भराभर चालत राहिला. सासूबाई मागून जागा सांगत होत्या, पण सांगायची गरजच पडली नाही. पाचोळ्यात ती लांबूनच दिसली. सोडली होती तिथून हातभरही हलली नव्हती. डोकं आत घेऊन, चेंडूसारखं अंग गुंडाळून पडली होती.

तो वाकायच्या आत सासूबाईंनीच तिला उचललं. त्यांनी सापाला हात लावलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

"गार पडलीय," त्या म्हणाल्या. जाकिटाची चेन उघडून त्यांनी तिला आत, पोटाशी घेतलं. बऱ्याच वेळाने ती जरा हलली.

उतरताना त्यांनी विचारलं, "परत नेली, तर पुण्य गेलं का रे?"

"मला नाही माहीत, आई."

स्कूटरवर त्या मागे बसल्या, दोन्ही हात पोटाखाली धरून.

"हळू चालव," त्या म्हणाल्या. "खड्डे आहेत."