मालकाला पत्र

मिस लोरेटाने झाडूचा दांडा छताला तीनदा ठोकला. वरच्या मजल्यावर डॅरेन अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कॉफी पीत होता. त्याने कप ठेवला, जाड कोट चढवला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि मगच जिना उतरला.

खालच्या मजल्याचा हीटर बंद पडून आज नववा दिवस होता. अमेरिकेतल्या बर्फाळ बफेलोत, जानेवारीतले नऊ दिवस.

स्वयंपाकघरात ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं टाकलेलं होतं. दारासमोर खुर्चीत तिचा नवरा ओटिस बसला होता; लग्न झालेलं असूनही वस्तीत सगळे तिला मिस लोरेटाच म्हणत. डोक्यावर लोकरी टोपी, अंगावर दोन कोट, आणि अर्धांगाने लुळा पडलेला हात मांडीवर मोज्यात गुंडाळलेला.

"काय म्हणतो मालक?" मिस लोरेटाने विचारलं.

"काल फोन केला होता, मिस लोरेटा. फ्लोरिडात आहे तो. पुढच्या महिन्यात बघू म्हणाला."

"म्हणेलच. उन्हात पाय पसरून म्हणत असेल."

मालक तिच्यासमोरच उभा होता, खिशात हात घालून. चोविसाव्या वर्षी डॅरेनने हे दुमजली घर घेतलं होतं. वर स्वतः राहायचं, खालच्या भाड्यावर कर्जाचा हप्ता भागवायचा. घरं भाड्याने देण्याचा धंदा शिकवणारा एक वर्ग तो दर शनिवारी करत असे. तिथल्या मास्तरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं : मालक तुम्हीच आहात हे भाडेकरूला कधी कळू देऊ नका, देखरेखीला ठेवलाय असं सांगा, आणि काहीही मागितलं की 'मालकाला विचारतो' म्हणा. वर्गातले सगळे तेच करत. मास्तरचा दुसरा नियम होता, वर्षाच्या आत दुसरं घर. नव्या हीटरपुरते पैसे डॅरेनकडे होते. ते त्याने दुसऱ्या घरासाठी बाजूला ठेवले होते.

"बस," ती म्हणाली. तिने वही आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. "फोनवर तो तुला गुंडाळतो. तू पोरगेला माणूस. आता पत्र पाठवायचं. माझी बोटं वळत नाहीत, तू लिही."

"मी सांगतो ना त्याला पुन्हा..."

"लिही म्हटलं ना."

तो बसला. ती ओव्हनकडे पाठ करून उभी राहिली.

"लिही. मालकास. मी तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात काम केलं. रोज चारशे पोरांना वाढलं. एकाही पोराला कधी थंड ताट दिलं नाही. आणि तू माझ्या नवऱ्याला ओव्हनसमोर बसवलंस, कोंबडीसारखं. लिहिलंस?"

"लिहिलं."

"माझी कवळी पेल्यात गोठली, तेही टाक," ओटिस म्हणाला.

"टाक," ती म्हणाली. "पुढे लिही. तुझ्या आईला इथे एक रात्र झोपव. सकाळी तिला विचार, पोराला वाढवलं ते याचसाठी का."

पेन थांबलं. डॅरेनचे कान लाल झाले होते. "आईला कशाला मध्ये आणायचं?"

"तुझी आहे का?"

डॅरेनने मान वहीत घातली.

"मग लिही."

त्याने लिहिलं. इतकं दाबून की खालच्या पानावरही अक्षरं उमटली. त्याला हिचा राग आला होता, हीटरचा आला होता, मास्तरचा आला होता. पण सगळ्यात जास्त राग आला होता कोटाचा. आत घाम फुटला होता आणि चेन उघडता येत नव्हती; वरचाही हीटर बंद आहे, असं त्याने खाली सांगून ठेवलं होतं.

तिने वाचलं, खाली सही केली, कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. "आता पत्ता."

डॅरेनने क्षणभर विचार केला आणि फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरातला एक रस्ता लिहिला. घर क्रमांक मनाने घातला. मग पाकिटासाठी हात पुढे केला. "द्या, मी टाकतो पोस्टात. तिकीट मी लावीन."

"तिकीट कशाला?"

तिने स्लिपर सरकवल्या आणि ती दार उघडून ओसरीवर गेली. भिंतीवर दोन टपालपेट्या होत्या, एक खालच्या मजल्याची, एक वरच्या. तिने वरच्या पेटीत पाकीट टाकलं. पत्र्याचं झाकण आपटलं.

ती आत आली. दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही.

"मंगळवारी मी महापालिकेत गेले होते, तक्रार करायला. खिडकीतल्या मुलीने मालकाचं नाव विचारलं. म्हटलं, बाई, तेच तर मला हवंय. तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला."

ओटिस खुर्चीत न वळता म्हणाला, "दोनदा वाचलं हिने तुझं नाव. चष्मा पुसून."

"मिस लोरेटा, मी..."

"तक्रार अजून दिलेली नाही. म्हटलं, आधी पत्र पाठवून बघू." तिने टेबलावरचं पेन उचलून त्याच्या कोटाच्या खिशात खोचलं. "सोमवारी सकाळी आठला ती खिडकी उघडते."

तो उठला. दाराशी पोचला तेव्हा ती पुन्हा ओव्हनपाशी गेली होती, ओटिसच्या मांडीवरचा लुळा हात आपल्या हातांत घेऊन चोळत होती. मागे न बघता ती म्हणाली,

"आता कोट काढलास तरी चालेल."