साहेबांचा तीळ

"तीळ चुकलाय," साहेब म्हणाले.

मेकअप रूममधले सगळे चपापले. खुर्चीत साहेबांची भूमिका करणारा नट बसला होता आणि त्याच्यासमोर खुद्द साहेब उभे होते. मंत्रिपद जाऊन तीन वर्षं झाली होती, ऐट मात्र तसूभरही कमी झाली नव्हती. त्यांच्या कारकिर्दीवरच्या मालिकेचं चित्रीकरण पाहायला ते पाच-सहा चमचे घेऊन आले होते.

"माझा तीळ इकडे असतो." त्यांनी नटाच्या उजव्या गालाकडे बोट दाखवलं.

मेकअपदादाने साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. तीळ त्यांच्या डाव्या गालावर होता, चांगला हरभऱ्याच्या डाळीएवढा. नटालाही त्याने तो डावीकडेच लावला होता. पण साहेबांना आपलं तोंड ठाऊक होतं ते रोजच्या आरशातलं, आणि आरशात बाजू उलटी दिसते हे त्यांना सांगण्याची कुणाची छाती नव्हती.

"बरोबर आहे, साहेब," साहेबांच्या तिळाकडे बघतच दिग्दर्शक म्हणाला. चमच्यांनी री ओढली.

"लोक फार बारीक बघतात," साहेब म्हणाले. "खोटं काही दाखवायचं नाही. काय?"

मेकअपदादाने तीळ सोलून काढला आणि उजव्या गालावर चिकटवला. साहेबांचं ते शेवटचं वाक्य मात्र त्याने धरून ठेवलं.

"साहेब, खोट्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो," तो म्हणाला. "मालिकेत जो पूल कोसळतो, त्याचा खरा चौकीदार माझा धाकटा भाऊ. तो दारूच्या थेंबालाही शिवत नाही. पूल हलतोय, बंद करतो, असं सांगायला त्याने त्या दिवशी तुमच्या बंगल्यावर तीनदा फोन केला होता. साहेबांच्या गाड्या जाईपर्यंत उघडा ठेव, असं उत्तर मिळालं."

गाड्या गेल्या आणि मागोमाग एक्केचाळीस माणसांसकट पूल गेला. मालिकेत मात्र चौकीदार ढोसून पडलेला होता. जाहिरातीत तेवढा तुकडा आठवडाभर दाखवत होते. दारुड्याची मुलगी नको म्हणून भावाच्या मुलीचं ठरलेलं लग्न परवाच मोडलं होतं. भाऊ तेव्हापासून दार लावून बसला होता.

"अरे, मालिका आहे ही," साहेब हसले. "एवढं बारीक कोण बघतं?"

ते नटाच्या खांद्यावर हात टाकून बाहेर गेले. फोटोवाल्यांनी दोघांना शेजारी उभं केलं. एकाचा तीळ डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चौकीदार झालेला नट येऊन खुर्चीत बसला. मेकअपदादाने त्याचा चेहरा ओल्या कापडाने स्वच्छ पुसला, केस नीट विंचरले, गणवेशाचं वरचं बटण लावलं. मग त्याने लाल रंगाची डबी न उघडताच पेटी बंद केली.

दिग्दर्शक डोकावला. "अहो, डोळे लाल कुठे केलेत? हा प्यायलेला वाटतच नाही."

"प्यायला नव्हताच," मेकअपदादा म्हणाला आणि पेटी उचलून चालू लागला.