शिशाच्या पट्ट्या

मुलांच्या कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतीत, गाडी आणि चालवणाऱ्याचं मिळून ठरावीक वजन भरावंच लागतं. कमी पडलं तर सीटला शिशाची पट्टी बोल्टने आवळायची. बाकीची पोरं वाढत होती, त्यांचे बाप पट्ट्या काढत होते. मी मात्र लेकीच्या सीटला दर शर्यतीला एक नवी लावत होतो.

"वाऱ्याने उडून जाशील गं," मी हसायचो.

"मग लाव ना अजून एक, बाबा!" म्हणत ती हेल्मेट चढवायची.

आज डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट मिटून ठेवला. "फार उशीर केलात. वजन कधीपासून उतरतंय?"

"सहा शर्यती झाल्या. दर वेळी किलोभर."

"इतकं नेमकं माहीत होतं? मग केलंत काय?"

"दर वेळी शिशानं भरून काढलं, डॉक्टर."