खांबावरची आई

"आई, हातातलं काम टाक आणि चल," हर्मिना धापा टाकत म्हणाली. व्हिएन्नातल्या वसंत प्रदर्शनाचं पोस्टर तिनं काढलं होतं. इतर चित्रकारांसारखी देवी न काढता तिनं कपडे पिळणारी आपली आई काढली होती, सुजलेल्या बोटांसकट. आईला मात्र ते सांगायचं धाडस झालं नव्हतं. आणि सकाळी लागलेली पोस्टरं दुपारीच खरवडून टाकायचा हुकूम कलामंडळानं सोडला होता. "प्रदर्शनाच्या जाहिरातीवर धुणं धुणारी बाई?" असं म्हणत मंडळाचे अध्यक्ष भडकले होते. सगळी खरवडली जायच्या आत हर्मिनाला एक तरी पोस्टर आईला दाखवायचं होतं.

वाटेत हर्मिनानं सगळं सांगून टाकलं. ओले हात एप्रनखाली लपवून आई भराभर चालत राहिली. तिला लाज वाटली असणार, असं हर्मिनाला वाटलं. जाहिरातींचे खांब एकामागून एक कोरे दिसत होते.

बाजाराजवळच्या खांबावर शेवटचं पोस्टर उरलं होतं. शिडीवरचा माणूस त्याला पातं लावतच होता.

"अहो, थांबा!" आई ओरडली. तिनं दोन्ही हात बाहेर काढून वर धरले. "ती मी आहे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. पातं खिशात ठेवलं. खळ अजून पुरती सुकली नव्हती. कडा पाण्यानं भिजवत, जपून, त्यानं अख्खा कागद सोडवला आणि आईच्या हातांवर ठेवला.

आई बराच वेळ चित्र न्याहाळत राहिली.

"मी तर दिवसभर पाठमोरीच असते," ती म्हणाली. "तू मला एवढं बघितलंस कधी गं?"