लाल वायर

कॅसेट फिरू लागली आणि उत्कर्षाच्या कानात एकदम दोघंजण शिरले. डावीकडून आबा ओवी गात होते. उजवीकडून एक तान्हं पोर भोकाड पसरून रडत होतं.

"घ्या! इथंबी मीच!" ती स्वतःशी म्हणाली.

आटपाडीच्या घरात पलंगभर पसारा होता. माधवनगरच्या वजीरचाचांकडून मागून आणलेला जुना टेपडेक, पलीकडं लॅपटॉप, आणि मध्ये दोघांची गाठ घालून देणारी इंटरफेसची डबी. डेकच्या पाठीतून दोन वायरी निघून त्या डबीत जात होत्या. पांढरीत आबांच्या तोंडासमोरचा माइक, लालमध्ये गाणं ऐकायला बायका बसल्या होत्या तिकडचा. घशाच्या दुखण्यानं तिच्या वडलांचा, हरिबाआबांचा, आवाज मरणाच्या दहा वर्षं आधीच गेला होता. या एका कॅसेटशिवाय तो जगात कुठंच नव्हता. उद्या वर्षश्राद्ध, उद्या भावकीला तो ऐकवायचा होता.

वजीरचाचांनी बजावलं होतं, "पोरी, फितीचा मसाला सुटलाय. एकदाच फिरंल. दुसऱ्यांदा काय हाती लागायचं न्हाई."

आणि ऐन त्या एकदाच्या वेळी हे रडगाणं! वर त्या बाजूला घरघर वेगळीच. पोर काही गप बसेना. आबांची ओवी नासली तर? मागचापुढचा विचार न करता उत्कर्षानं लाल वायर उपसली. रडणं गपकन थांबलं. आबा एकटे राहिले, खणखणीत. मग मात्र तिचे डोळे वाहायला लागले ते थांबेचनात.

कॅसेट संपली तेव्हा डेकमध्ये तपकिरी भुकटी पडली होती. फितीतून आरपार दिसत होतं. दिसू दे! आबा लॅपटॉपमध्ये सुखरूप होते.

तिनं आईला हाक मारली. हरणाबाई चुलीपासून हात पुसत आली. हेडफोन कानाला लागताच तिनं पदर तोंडात धरला. नवरा गात होता. ओवी संपली तरी ती हेडफोन काढेना.

"अगं, ह्यात पोर रडत हुतं की."

"व्हय, लय भोकाड पसरलेलं मी. काढून टाकलं. नुसते आबा ठेवले."

"मग कॅसेट लाव बगू परत."

"आता न्हाई लागायची, आई. कोरी झाली ती."

हरणाबाई मटकन खाली बसली. उत्कर्षा घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"तू न्हवतीस गं ती," हरणाबाई म्हणाली. "तुज्या आदीची हुती. चार म्हैन्यांची आसताना गेली. फोटूबी न्हाई माज्या लेकीचा. तेवढं रडणंच हुतं."