वादळ्याची आई

वादळ्याचा नवा अंक आला, की कॉमिक्सच्या दुकानात जमून भांडल्याशिवाय आम्हा चाहत्यांना अन्न पचत नाही. या वेळी सह्या करायला आलेला खुद्द लेखकच हाती लागला होता.

तसं वादळ्याचं काय, आकाशात कोणीही उडतं. आमचा जीव होता त्याच्या आईत. शहर कोसळत असताना त्याचा झगा धरून ती ओरडायची, "उडता येतं म्हणून उपाशीपोटी उडशील का रे मेल्या?" अशा बाईला या माणसाने मागच्या वर्षी मारून टाकलं. आम्ही आकाशपाताळ एक केलं, प्रकाशकाने डोळे वटारले, तेव्हा कुठे ती या अंकात जिवंत झाली.

"जिवंत केलीत, पण तिने तोंडात मिठाची गुळणी का धरलीय?" दुकानदार म्हणाला. "अख्ख्या अंकात एक शब्द नाही!"

"रोज लिहायला बसतो," लेखक म्हणाला. "झगा धरलेला हात डोळ्यांसमोर येतो. पुढे काही सुचतच नाही."

"अहो, मेलेलं माणूस परत आणलंत, मग दोन वाक्यांसाठी काय घोडं अडलं?" मी चिडून म्हणाले. "पूर्वी तर तिची बोलणी एकटाकी लिहायचात म्हणे!"

त्याने सही अर्धवट सोडून पेनाला टोपण लावलं.

 

"लिहायचो कुठे? रोज आमच्या आईचा फोन यायचा. तो स्पीकरवर टाकायचो, आणि ती ओरडेल तसं उतरवून घ्यायचो."